शाळेच्या पत्त्यावर

नाशिक, 14 जुलै

प्रिय शुभा,

पत्र मुद्दाम शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी नेऊ नकोस. स्टाफरूममधल्या तुझ्या कपाटात ठेव, नाहीतर फाडून टाक.

परवा फोनवर म्हणालीस, "काय सांगू गं, नेहमीचंच." 12 वर्षांपूर्वी, घरातल्या छळाची तक्रार घेणाऱ्या संरक्षण अधिकारी बाईंसमोर बसून मीही हेच म्हटलं होतं. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "शेवटचं कधी? त्याआधी?" मला एक तारीख सांगता येईना. मग भिंतीवरचं कालनिर्णय आठवलं. त्यावर दुधाचा खाडा मांडायचे, सिलिंडर आला की 'गॅस' लिहायचे, आणि ज्या दिवशी नवऱ्याचा हात उठायचा त्या चौकोनात बारीकशी फुली. का करत होते, माझं मलाच माहीत. पण त्या फुल्यांवरून दिवस उलगडत गेले. ही संकष्टीची रात्र, ही गॅस आला ती दुपार. बाईंनी त्यावरूनच अहवाल भरला. डीआयआर म्हणतात त्याला. पुढे तो मॅजिस्ट्रेटकडे जातो.

फुलीत फक्त मार दिसतो गं. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिवीगाळ, धमक्या, पगार काढून घेणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं, सगळं येतं. तुझं एटीएम कार्ड तुझ्या नवऱ्याच्या पाकिटात असतं ना? तेही लिही. कधी मागितलंस, काय उत्तर मिळालं.

लिहायचं त्याच दिवशी. "खूप त्रास दिला" असं नको. तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, शिवी असेल तर शिवीसकट. मनू कुठे होती, शेजारच्या काकूंनी ऐकलं का. आठवत नसेल तिथे "आठवत नाही" लिही. आणि मीठमसाला अजिबात नको, एक गोष्ट फुगवलेली निघाली की बाकीच्या खऱ्याही संशयात जातात.

माझी चूक सांगते, आजही जिव्हारी लागते. भुवई फुटली तेव्हा दवाखान्यात तो शेजारीच उभा होता. मी सांगितलं, "बाथरूममध्ये पाय घसरला." डॉक्टरांनी केसपेपरवर तेच लिहिलं. पुढे कोर्टात त्याच्या वकिलांनी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. माझंच वाक्य! तू डॉक्टरांना एकटीला भेट, खरं सांग, कागदाची प्रत घे.

फोटो काढशील तर एक चेहऱ्यासकट आणि एक जवळून. वळ दुसऱ्या दिवशी जास्त दिसतो, तेव्हा पुन्हा काढ. कापू नकोस, उजळवू नकोस. मला व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. मग तुझ्याकडून 'डिलीट फॉर मी' कर. 'एव्हरीवन' दाबलंस तर माझ्याकडचंही जाईल. आधी 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघ, त्याचा लॅपटॉप तुझ्या व्हॉट्सअॅपला जोडलेला नाही ना. तुझे फोटो घरच्या टॅबवर आपोआप दिसतात हे तूच एकदा कौतुकाने सांगितलं होतंस. ते आधी बंद कर. पण एकदम सगळे पासवर्ड बदलू नकोस, त्याला वास लागेल.

पोलिसांत गेलीस आणि नुसती एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद, घेतली तरी तिची प्रत सोडू नकोस.

आणि शुभा, पुरावा जमेपर्यंत थांबायचं असं मनात घेऊ नकोस. तुझ्या प्रतिज्ञापत्रावरही मॅजिस्ट्रेट अंतरिम आदेश देऊ शकतात. वही सापडेलशी भीती वाटली तर वही नकोच, मला फोन कर, मी तारीख घालून लिहून ठेवते. हात उठला तर मात्र लिहीत बसायचं नाही. मनूला घेऊन बाहेर पड आणि 112 लाव. 181 या महिला हेल्पलाइनवर नुसतं बोलायलाही फोन करता येतो.

मंगळवारी येतेय. सासूबाईंना सांग, भिशीचे पैसे द्यायला येतेय. तुझी लग्नाआधीची सर्टिफिकेटं, मनूचा जन्मदाखला आणि पासबुक लोणच्याच्या बरणीबरोबर एका पिशवीत घालून दे. बरणी रिकामी असली तरी चालेल.

तुझीच,
नलू