सर्च बॉक्सच्या आधी

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, सगळे मेडिकल रिसर्च पेपर, गाइडलाइन आणि केसपेपर एका डेटाबेसमध्ये टाकायचे आणि वर सर्च बसवायचा, झाली सिस्टीम. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून सविस्तर लिहितोय. सर्च सगळ्यात शेवटी येतो रे, आधी आत काय आणि कसं ठेवतोयस ते ठरव.

पबमेडवर, म्हणजे मेडिकल पेपर शोधायच्या साइटवर, हार्ट अटॅक टाइप केलं तरी मायोकार्डियल इन्फार्क्शन (त्याचंच वैद्यकीय नाव) लिहिलेले पेपर येतात ना, ते मेश नावाच्या यादीमुळे, तिच्यात दोन्ही नावं एकाच विषयाखाली आहेत. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० मध्ये ही विषयांची यादी काढली आणि अजून दरवर्षी ती दुरुस्त होते. पुढे १९८६ मध्ये त्यांनीच यूएमएलएस हे वैद्यकीय शब्दांचं भांडार सुरू केलं, त्यात प्रत्येक संकल्पनेला एक नंबर आणि तिची सगळी नावं त्या नंबरला जोडलेली. तूही तसंच कर, आयतं आहे ते वापर, स्वतःची यादी करत बसू नकोस.

पण खरी गोम केसपेपरमध्ये आहे. समज लिहिलंय, "ताप आहे, छातीत दुखत नाही, वडिलांना डायबिटीस." तुझा सर्च छातीत दुखणारे पेशंट शोधताना हाही आणून देणार आणि डायबिटीसवाल्यांतही हाच येणार, म्हणजे तिन्हीपैकी एकच गोष्ट त्याची स्वतःची आणि सिस्टीमला तिन्ही सारख्याच! म्हणून प्रत्येक नोंदीसोबत आहे की नाही, कोणाला आणि कधी हे वेगळं साठवच. २००१ मध्ये आलेलं नेगएक्स हे तंत्र डॉक्टरांच्या इंग्रजी नोट्समध्ये नकाराचे शब्द पकडून आजूबाजूचे चार-पाच शब्द तपासायचं, इतकं साधं, तरी भरपूर चाललं. मराठीत मात्र "नाही" वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे मागे बघावं लागेल.

आणि उत्तर कुठून आलं ते दाखवच. सत्तरच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात मायसिन नावाचं सॉफ्टवेअर होतं, इन्फेक्शनला कुठलं अँटिबायोटिक द्यायचं ते सुचवणारं. ते प्रश्न विचारायचं तेव्हा डॉक्टर उलट "का?" विचारू शकायचे आणि ते आपला नियम समोर मांडायचं. मला ही गोष्ट प्रचंड आवडते, कारण डोस बदललेला असेल आणि स्क्रीनवर जुन्या गाइडलाइनचा आकडा तारखेशिवाय दिसला तर डॉक्टरने विश्वास कशावर ठेवायचा?

तर आधी थोडे केसपेपर घे, नावं-पत्ते काढून, आणि त्यातल्या नोंदी हाताने मार्क कर. अडशील तिथे मला फोन कर, आपण दोघं बसून बघू.

तुझाच