आधी ठिणगी बघ, मग खरेदी कर

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं आणि त्यातली जुन्या गाडीच्या सुट्या भागांच्या खरेदीची यादीही वाचली. ठिणगीसाठी मोठा व्होल्टेज देणारी कॉइल, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप, ते हवेत मिसळणारा कार्बोरेटर, प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा अख्खा डिस्ट्रिब्युटर! एवढं सगळं एकदम बदललंस तर गाडी कदाचित चालेलही, पण बिघडलं काय होतं ते तुला कधीच कळणार नाही. त्यात नवा आणलेला एखादा भागच खराब निघाला, तर मग विचारायलाच नको. यादी तूर्त ड्रॉवरमध्ये टाक.

तुझ्या पत्रातलं एकच वाक्य कामाचं आहे. गार असताना लगेच सुरू होते, थोडा वेळ छान पळते, मग बंद पडते आणि अर्धा तास उभी ठेवली की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. म्हणजे तापल्यावर काहीतरी दगा देतंय. तो दगा करंटचा की पेट्रोलचा, एवढंच आधी ठरवायचं. आणि ते गाडी बंद पडल्यावर पहिल्या दोन-चार मिनिटांतच ठरवावं लागतं. तू वैतागून बाजूला जाऊन बसतोस, तेवढ्यात गाडी गार होते आणि पुरावा गेला!

बंद पडते कशी, तेही बघ. किल्ली फिरवल्यासारखी एका क्षणात गप्प झाली तर संशय करंटवर. आचके देत, दम तोडत गेली तर बहुतेक पेट्रोल.

आता पुढच्या वेळी काय करायचं ते सांगते. बोनेट उघड आणि कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये मधोमध जाणारी जाड वायर कॅपमधून काढ. रबराची मूठ असलेल्या पकडीने तिचं टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धर आणि सोबतच्याला सेल्फ मारायला सांग. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. कार्बोरेटरपासून लांब धर, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करूच नकोस. उघड्या हाताने वायर धरू नकोस, तिथे पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात. ठिणगी निळसर, टणक, ‘टक्’ आवाज करणारी हवी. पिवळट, मरतुकडी निघाली किंवा निघालीच नाही, तर दोष करंटचा, कार्बोरेटरला हातसुद्धा लावायचा नाही.

ठिणगी चांगली असेल तर टाकीचं झाकण सैल कर. ‘सुस्स्’ करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तसं नसेल तर पेट्रोलच्या पंपावर ओला फडका ठेव. त्याने लगेच सुरू झाली तर नळीत पेट्रोलची वाफ धरते आहे, नळी इंजिनाच्या उष्णतेपासून लांब घ्यावी लागेल.

माझा कौल मात्र करंटला आहे. करंट तोडून ठिणगी पाडायची ही पद्धत अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स केटरिंगने काढली आणि 1910 च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. तुझ्या गाडीत तेच तत्त्व आहे. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली उघडझाप करणारी धातूची दोन टोकं) मिटले की कॉइलमधून करंट वाहतो, उघडले की तो तुटतो आणि त्या तुटण्यातून मोठा व्होल्टेज उठतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर हे सेकंदाला शंभर वेळा होतं. करंट झटकन तुटावा, पॉइंटवर ठिणगी खेळू नये म्हणून त्याला जोडलेली छोटी डबी, म्हणजे कंडेन्सर. तो तापून सैलावला की प्लगची ठिणगी मरते आणि पॉइंट जळू लागतात. कॅप काढून पॉइंट नीट बघ. पृष्ठभाग राखाडी, साधारण सपाट असेल तर ठीक. निळसर करपलेला, एका बाजूला खड्डा आणि समोर टेकाड असं दिसलं तर आधी कंडेन्सर बदल. सगळ्यात स्वस्त भाग आहे, पण लोक त्याला शेवटी बदलतात.

पॉइंटमधला गॅप फिलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोज, पॉइंट पूर्ण उघडलेले असताना. अशा बऱ्याच गाड्यांत तो 0.35 ते 0.40 मिलिमीटर असतो, तरी तुझ्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच धर. डिस्ट्रिब्युटरच्या फिरत्या कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग.

आत बघतोच आहेस तर पॉइंटकडे जाणारी ती बारीक वायर बोटाने हलवून बघ. टायमिंग पुढेमागे करणाऱ्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे पॉइंटची प्लेट सतत इकडेतिकडे सरकते आणि ही वायर तिच्याबरोबर वाकत राहते. वरचं आवरण शाबूत दिसतं, आत तारा तुटलेल्या असतात. किंवा आवरण सोललं जाऊन ती प्लेटला टेकते, आणि गाडी खड्ड्यात आदळली की गप्प. मीटरवर बघशील तर उभ्या गाडीत सगळं ठीक दाखवेल. मला हा दोष सगळ्यात लबाड वाटतो.

कॉइलला हात लावून ‘तापली, म्हणजे गेली’ म्हणू नकोस. चांगली कॉइलही तापते. दुसरी लावून त्याच रस्त्यावर नेऊन बघ, पण आधी तुझ्या गाडीला बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट कमी करणारा भाग) आहे का ते बघ. असेल तर कॉइल साधारण दीड ओमची, नसेल तर तीनची. दीडची थेट बारा व्होल्टवर लावलीस तर ती खरंच तापून जाईल. सेल्फ मारताना इंजिन पेटतं आणि किल्ली सोडली की विझतं, असं कधी झालं तर तो रेझिस्टर किंवा किल्लीचा स्विच तपास.

फक्त स्लोवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, बंद पडणं हे वेगळं दुखणं. तिथे कार्बोरेटरच्या स्लो जेटमधली (पेट्रोलच्या बारीक भोकातली) घाण, नाहीतर इंजिनाकडे मिश्रण नेणाऱ्या मॅनिफोल्डमधून हवा खेचणं. त्याचं नंतर बघू.

काम करताना इंजिन बंद असेल तर किल्ली ऑन ठेवू नकोस. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल उगाच भाजते. आणि एका वेळी एकच भाग बदल, काढलेला जुना डब्यात जपून ठेव. बंद पडली की ठिणगीचा रंग आणि पॉइंटचा फोटो पाठव, मग कंडेन्सर घ्यायचा की कॉइल ते सांगते.

तुझी,
आई