पेनड्राइव्हला दोष देण्याआधी

मिरज,
१८ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली टाकताना तुझा संगणक चार वेळा बंद पडला आणि आता तो भंगारात द्यावासा वाटतो, असे तू काल रात्री फोनवर म्हणालास. तेव्हा घाईत काही सांगता आले नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. हे पत्र वाचून होईपर्यंत तरी संगणक विकण्याचा विचार बाजूला ठेव. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वाचनालयाच्या संगणकाने मला हेच सारे दाखवले होते आणि तो संगणक आज रोज सकाळी आठ वाजता सुरू होतो.

तो सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले आणि विंडोज ११ ला, मोजके अपवाद सोडता, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणून मिंट टाकायचे ठरले. पहिल्या खेपेस फाइली कॉपी होत असताना स्क्रीन गोठली. दुसऱ्या खेपेस टाइम झोनच्या नकाशापाशीच सारे थांबले आणि तिसऱ्या खेपेस इन्स्टॉलेशन शेवटापर्यंत गेले, पण रीस्टार्ट केल्यावर डेस्कटॉप दिसायच्या आत संगणक अडकला. मी पेनड्राइव्हवर संशय घेतला, सुमारे तीन जीबीची आयएसओ फाइल (सारे मिंट सामावलेली, पेनड्राइव्हवर टाकायची फाइल) पुन्हा उतरवली, पेनड्राइव्ह बदलला आणि त्यात दोन संध्याकाळी गेल्या. खरे तर पहिल्याच दिवशी मिंटच्या संकेतस्थळावर दिलेला एसएचए-२५६ चा चौसष्ट अक्षरांचा आकडा, म्हणजे फाइलीच्या बोटाचा ठसाच, माझ्या फाइलीवरून काढलेल्या आकड्याशी ताडून पाहिला असता, तर फाइल निर्दोष आहे हे पाच मिनिटांत कळले असते. तू हे काम सर्वांत आधी कर.

यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचार : इन्स्टॉलेशन दर वेळी एकाच जागी थांबते, की प्रत्येक वेळी जागा बदलते? एकाच जागी थांबत असेल, तर दोष बहुधा फाइलीत, पेनड्राइव्हमध्ये किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) असतो. सुरुवातीलाच स्क्रीन काळी पडत असेल आणि संगणकात एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल, तर मिंटच्या पहिल्या मेनूतला कॉम्पॅटिबिलिटी मोड निवडून पाहा. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. जागा दर वेळी बदलत असेल, तर संशय हार्डवेअरकडे वळव. त्यातही स्क्रीन गोठून राहणे आणि संगणक एकदम बंद होणे यांत फरक आहे. बंद होत असेल, तर प्रोसेसरच्या पंख्यातली धूळ आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, आधी तपास. गोठत असेल, तर रॅम, म्हणजे संगणकाची कामापुरती मेमरी.

रॅम खराब असती तर इतकी वर्षे विंडोज कसे चालले, असे तू विचारशील. मलाही तेच कळत नव्हते. आयएसओमधली सारी प्रणाली दाबून लहान केलेली असते. इन्स्टॉलर ती मेमरीत उलगडतो आणि मग डिस्कवर लिहितो. त्या वेळी रॅमचे कधी फारसे न वापरलेले कोपरेही भरतात, आणि दाबलेल्या माहितीतला एक बिट (शून्य किंवा एक असा सर्वांत लहान अंश) उलटला तरी तो सबंध तुकडा वाया जातो. रोजच्या टंकलेखनात आणि वेब पाहण्यात तोच बिट वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

मी वेगळ्या पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम टाकून रात्री लावून ठेवला. (सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमवरून संगणक सुरू होऊ न देणारी सेटिंग, चालू असेल, तर ते आधी बंद करावे लागू शकते.) वीस मिनिटांत लाल ओळी येऊ लागल्या. प्रत्येक ओळीत मेमरीचा पत्ता, जो आकडा यायला हवा होता तो आणि जो आला तो असे शेजारी शेजारी होते, आणि त्या दोन आकड्यांत दर वेळी एकाच ठिकाणचे एकच अक्षर वेगळे होते. एवढ्या एका अक्षरासाठी मी तीन दिवस झगडत होतो, हे पाहून मी बराच वेळ त्या स्क्रीनसमोर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी विजेची केबल काढून, कॅबिनेट उघडून रॅमच्या चार जीबीच्या दोन्ही स्टिक (पट्ट्या) बाहेर काढल्या, त्यांचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसले आणि एक एक करून दोन्ही स्लॉटमध्ये तपासली. दोष स्टिकबरोबर फिरत होता, स्लॉट निर्दोष होते. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा हा नियम कृपा करून मोडू नकोस, कारण घाईने स्टिक, केबल आणि बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग एकदम बदललीस, तर संगणक चालू झाला तरी कशामुळे झाला हे कळणार नाही. चांगली स्टिक एकटी ठेवून मिंट टाकले, ते पहिल्याच प्रयत्नात पूर्ण झाले.

आता सर्वांत काळजीची गोष्ट. तुझ्या डिस्कवर बाबांचे जुने फोटो आहेत, असे तू म्हणाला होतास. इन्स्टॉलरला डिस्क पुसू देऊ नकोसच, पण त्या फोटोंची प्रतही त्या संगणकावरून घेऊ नकोस. रॅम सदोष असेल, तर कॉपी होताना फाइल बिघडू शकते आणि कोणताही इशारा मिळत नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोड, तिथे प्रत घे, दहा-वीस फोटो उघडून पाहा आणि मगच पुढचे सारे कर.

येत्या रविवारी मी तुझ्याकडे येणारच आहे. त्याआधी मेमटेस्ट एक रात्र चालवून लाल ओळींचा फोटो पाठव, आणि रॅमवरच्या लेबलवर डीडीआर३ लिहिले आहे की डीडीआर४ (हे रॅमचे प्रकार) तेही कळव, म्हणजे इथल्या दुकानातून योग्य स्टिक घेऊन येतो. आईबाबांना माझा नमस्कार सांग.

तुझाच
मित्र