सुतारकाका, बंदुकीच्या दस्त्यासाठी तुमचे आभार

आदरणीय सुतारकाका,

सा. न. वि. वि.

शेतीसंरक्षण परवान्यावरच्या आमच्या बारा बोअरच्या एकनळीचा दस्ता तुम्ही मार्गी लावलात. त्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे उघड पत्र.

दस्ता अक्रोडाचा, वडिलांच्या काळातला. मध्यंतरी एका दुकानातून त्यावर जाड व्हार्निश मारून घेतलं होतं. कोकणातल्या पावसात ते पांढुरकं पडलं आणि पापुद्रे सुटायला लागले. जो तो म्हणे, मशीन लावून घासून काढा. नको म्हणणारे तुम्ही एकटेच.

“बंदूक रिकामी आहे ना, दोनदा बघ. नळी नि घोड्याचा भाग घरी कुलपात ठेव, नुसतं लाकूड घेऊन ये,” इथून तुमचं शिकवणं सुरू झालं. व्हार्निश रिमूव्हरने निघालं. मग 120, 220, 320 नंबरचा पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. लोखंड लाकडाला भिडतं त्या कडांना मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत, कारण तिथे लाकूड केसभर जरी उतरलं तरी सांध्याला कायमची फट दिसते. मुठीवरची पकडीसाठी कोरलेली जाळी जुन्या टूथब्रशने साफ झाली.

दस्त्याच्या कुशीला एक खोलगट वण होता. तो भरावा लागणार असं मी धरूनच चाललो होतो. तुम्ही ओल्या फडक्याची घडी त्यावर ठेवलीत आणि वर गरम इस्त्री टेकवलीत. चर्र आवाज, वाफ, पुन्हा ओलं फडकं. दबलेले तंतू फुगत गेले आणि खड्डा वर आला! “लाकूड तुटलं तर भरायचं, दबलं तर उठवायचं,” म्हणालात. वडिलांचा गाल टेकून गुळगुळीत झालेली जागा मात्र तशीच ठेवलीत. त्याबद्दल आईनेही तुमचे आभार सांगितले आहेत.

रंगासाठी तुम्ही बाजारचा स्टेन आणू दिला नाहीत. बेलतेलात, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलात, रतनजोत भिजत घातलीत. रश्श्याला लाली आणणारी ही मुळी पाण्यात रंग सोडत नाही, तेलात सोडते. विलायतेतले जुने बंदूक कारागीरही तिच्याच जातकुळीतली मुळी जवसाच्या तेलात भिजवून वापरत. अक्रोडाच्या काळ्या रेषांमधून ती तांबूस झाक काय उठून दिसली!

तेल थेंब-थेंब घेऊन तळहात गरम होईस्तोवर चोळायचं आणि पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून टाकायचं, नाहीतर ते चिकट होऊन बसतं. खांद्याला टेकणाऱ्या मागच्या पट्टीखाली तंतूंची तोंडं उघडी असतात, तिथे ते जास्त मुरवायचं. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्या क्रियेत उष्णता निघते, म्हणून तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर आपोआप पेटू शकतो. त्या तुम्ही दर वेळी अंगणात पसरून वाळवायला लावल्यात. घरात लाकूडकाम करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. परत आली तेव्हा दस्त्यावर कुठे डाग नव्हता की पापुद्रा. एवढं करून मजुरीचा विषय काढला की तुम्ही चहाच पुढे करता. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेलाचा पुढचा हात देईन. तेव्हा पडवीत जागा ठेवा, आणि या खेपेला मजुरीला नाही म्हणू नका.

काकूंना नमस्कार.

आपला,
वरच्या वाडीतला शेजारी