‘म्यूल पाम’ म्हणून पाठवलेल्या सहा रोपांबद्दल तक्रार

पुणे,
९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

(स्पीड पोस्टाने; प्रत ईमेलवर)

विषय: जून २०२४ मध्ये ‘हायब्रिड म्यूल पाम’ म्हणून विकलेली रोपं भलत्याच जातींची निघाल्याबाबत, व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

१४ जून २०२४ रोजी मी आपल्याकडून म्यूल पामची सहा रोपं घेतली. नगाला ३,८०० रुपये, म्हणजे २२,८००; वर घरपोच करण्याचे १,२००. त्या सहांपैकी आज पाच जिवंत आहेत. चार क्वीन पाम आहेत आणि पाचवी शिंदी आहे. म्यूल पाम एकही नाही.

जानेवारीपासून आपल्या ग्राहक सेवेशी तीनदा बोलले. तिघांनी तीन कारणं सांगितली. चौथ्यांदा फोन उचललाच गेला नाही, ‘रिटर्नची मुदत संपली आहे’ एवढा मेसेज आला. म्हणून हे पत्र. लांब झालं आहे, पण पूर्ण वाचावं. हिशोब शेवटी आहे.

बावधनला आमचं जुनं, छोटं घर आहे. कुंपणाच्या आत पन्नासेक फुटांची पट्टी मोकळी होती. तिथे नऊ-नऊ फुटांवर एका ओळीत पाम लावायचे असं निवृत्त झाल्यावर ठरवलं. अरेका आणि फॉक्सटेल आमच्या गल्लीत दर दुसऱ्या फाटकाशी आहेत, म्हणून काही वेगळं शोधत होते. आपल्या माहितीपत्रकातलं म्यूल पामचं पान वाचलं आणि खरं सांगायचं तर भुलले. किमतीला नव्हे, त्यामागच्या खटाटोपाला. म्यूल पाम म्हणजे दोन वेगळ्या पामांचा हाताने केलेला संकर. आई दक्षिण ब्राझील-उरुग्वेकडची ब्यूटिया, करड्या-निळसर पानांची, जिच्या फळांची जेली करतात. बाप दक्षिण अमेरिकेचाच क्वीन पाम, हिरवागार आणि झपाट्याने वाढणारा. आईच्या तुऱ्यातली नरफुलं उमलण्याआधीच सगळी खुडायची, तुरा पिशवीत बांधायचा, क्वीन पामचे पराग गोळा करून ठेवायचे आणि मादीफुलं तयार झाली की ते त्यांवर लावायचे. हे सगळं शिडीवर चढून. एवढं करूनही चुकून आईचेच पराग आत राहिले तर उगवते ती निव्वळ ब्यूटिया. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नाबोनाँ नावाच्या रोपवाटिकावाल्यांवरून या संकराचं शास्त्रीय नाव पडलं, हेही आपल्याच पत्रकात होतं. मी म्हटलं, माणसं एवढे कष्ट घेत असतील तर ३,८०० रुपये ठीक आहेत. मी पैसे दिले ते त्या शिडीचे.

रोपं आली तेव्हा दीड फुटांची होती, गवतासारखी चार-पाच साधी पाती. या वयात बहुतेक पाम एकसारखेच दिसतात. पात्याला चिरा पडून पिसासारखं पान व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि जात कळते ती त्यानंतर. म्हणजे परतीच्या सात दिवसांत मी फार तर कुंडी फुटली आहे का, माती सांडली आहे का, एवढंच बघू शकत होते. पी हळद अन् हो गोरी असं पामच्या बाबतीत होत नाही, हे मी आपल्याला काय सांगायचं! तरी आपली परतीची मुदत सात दिवसांची. साडीला, मिक्सरला ती ठीक आहे.

गेल्या पावसाळ्यात पहिली पिसं फुटली. चार झाडं जोमात होती, कौतुकाने रोज बघत होते. पाचवं मागे राहिलं होतं, त्याची मला उगाच काळजी वाटायची, त्याला शेणखत जास्त घातलं. दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. तिचा चेंडू त्या झाडाच्या बुडाशी गेला, तो काढताना तिच्या तळहातात काटा घुसला. पानाच्या देठाशी सुईसारखे टणक काटे! म्यूल पामला असे काटे नसतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हायब्रिड आहे, असेल काहीतरी, असं म्हणून मी गप्प बसले.

आमच्या शेजारी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आले आणि फाटकातच थबकले. म्हणाले, “वहिनी, बंगल्यात शिंदी कशी काय लावलीत?” मी पावती दाखवली. त्यांनी पान हातात घेऊन मला दोनच गोष्टी दाखवल्या. काटेरी झाडाच्या प्रत्येक पातीची घडी वरच्या बाजूला उघडी आहे, पन्हळीसारखी. पावसाचं पाणी धरेल अशी. उरलेल्या चारांच्या पात्यांची घडी उलटी, कौलारू छपरासारखी, पाणी ओघळून जाईल अशी. पन्हळ असली की खजुराचं गोत, म्हणाले. आणि बुडाचे काटे म्हणजे खालच्या पातीच आखडून टोकदार झालेल्या. कुणीही उभं राहून बघू शकेल अशी ही खूण आहे, प्रयोगशाळा लागत नाही.

मग ते चारांकडे वळले. ब्यूटियाच्या देठाच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दात असतात, म्यूल पाममध्ये त्यांची थोडीतरी निशाणी उतरते, पानात जरा करडेपणा आणि ताठपणा येतो. माझ्या चारही झाडांच्या कडा बोट फिरवलं तर अगदी गुळगुळीत. पाती चहूबाजूंनी फुटलेल्या, मऊ, मोरपिसाऱ्यासारख्या लोंबणाऱ्या. क्वीन पाम. दिसायला देखणे आहेत, तक्रार त्याबद्दल नाही. आपल्याच यादीत क्वीन पामचं याच उंचीचं रोप ४५० रुपयांना आहे.

आता आपल्या तीन उत्तरांकडे येते.

पहिले गृहस्थ म्हणाले, “मॅडम, हायब्रिडमध्ये थोडं व्हेरिएशन येतंच.” येत असेल. पण आपल्याच पत्रकाप्रमाणे बी ब्यूटियाच्या झाडावर धरतं. मग संकर फसला तर रोप आईवर जाईल, ब्यूटिया निघेल. बापाची शुद्ध प्रत कशी निघेल? म्यूल म्हणजे खेचर. गाढव-घोडीच्या जोडीतून खेचर झालं नाही तर निदान घोडं तरी आईचं असायला हवं. माझ्या दारात चार गाढवं उभी आहेत आणि पाचवा तर बोकड आहे. क्वीन पाम आणि ब्यूटिया दोन्ही नारळाच्या भावकीतले. शिंदी खजुराच्या. हे व्हेरिएशन नाही, ही बदली आहे.

दुसऱ्या बाईंनी सांगितलं की रोपं आपल्या फार्मवरच्या मोठ्या म्यूल पामच्या बियांपासून केलेली आहेत, म्हणून “डबल गॅरंटी”. म्यूल पामला हे नाव का पडलं, हे त्यांना कुणीतरी सांगावं. खेचर वांझ असतं, तसाच हा पाम. फळं धरलीच तरी आतलं बी सहसा पोकळ असतं, रुजत नाही. म्हणून तर दर वेळी ती शिडी पुन्हा लावावी लागते, आणि म्हणून तर किंमत ३,८०० असते.

तिसऱ्यांनी कहर केला. म्हणाले, “ही कलमी रोपं आहेत मॅडम, मध्ये कधीकधी खालचा खुंट फुटतो.” माझं माहेर रत्नागिरी तालुक्यातलं आहे. हापूसची कलमं बांधताना बघतच मोठी झाले. कलम जुळतं ते सालीखालच्या वाढत्या थरामुळे, आणि पामला तो थरच नसतो. त्याच्या बुंध्याला पडलेली जखमही भरून येत नाही, कायमची राहते. एकच शेंडा असतो. तो गेला की झाड गेलं. पामचं कलम म्हणजे सशाचं शिंग. मी हे फोनवर म्हटलं तर ते “लाइनवर राहा” म्हणाले. मी एकोणीस मिनिटं लाइनवर राहिले. सतार वाजत होती.

मात्र ‘कलमी हायब्रिड पाम’ हे शब्द आजही आपल्या माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर छापलेले आहेत. ही टेलिफोनवरची चूक नव्हे.

सहाव्या रोपाचंही सांगायला हवं. ते पहिल्याच ऑगस्टमध्ये कुजून गेलं, मधला कोंब ओढल्यावर हातात आला. आपल्या माळ्याने “वाऱ्याने हलणार नाही” म्हणून सगळी रोपं वीतभर खोल पुरली होती. पामची मान मातीबाहेर राहावी लागते, हे मला नंतर कळलं. बाकीच्या पाचांची माती मी स्वतः बाजूला केली. अर्थात त्या पावसातही मी त्याला पाणी घालत होते, तेव्हा त्याच्या मरणात माझाही हात आहे. ते कुठल्या जातीचं होतं हे आता कळण्याची सोय नाही.

मे महिन्यात क्वीन पामची नवी पानं चुरगळल्यासारखी, करपलेल्या टोकांची येऊ लागली, तेव्हाही मी आपल्याला फोटो पाठवले होते. उत्तर आलं, “डीएपी घाला.” घातलं. काही झालं नाही, कारण डीएपीत नत्र आणि स्फुरद असतं, मँगनीज नसतं. आणि नव्या पानाचं हे रडगाणं मँगनीजचं होतं. आमच्याकडची काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड. अशा मातीत मँगनीज असलं तरी मुळांना मिळत नाही. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मँगनीज सल्फेट दिलं, त्यानंतर निघालेली पानं सरळ आली. आपल्या पत्रकात म्यूल पाम किती अंश थंडी सोसतो याचा परिच्छेद आहे, बर्फाचाही उल्लेख आहे. पुण्यात बर्फ पडत नाही. चुनखडी मात्र घराघरात आहे, तिच्याबद्दल एक ओळ नाही. परदेशी कॅटलॉग उतरवून काढताना निदान शहर तरी बघावं.

शिंदीशी माझं वैर नाही, हेही नोंदवते. तिची नीरा आम्ही सकाळी फिरून येताना पितो आणि तिच्याच फडांची केरसुणी लक्ष्मीपूजनाला पुजतो. पण ती ओढ्याकाठी आपोआप उगवते. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. इथे मी कुळाचेच पैसे मोजले आहेत, म्हणून विचारते आहे.

आता हिशोब. मी चौतीस वर्षं हिशोब खात्यात काढली आहेत, तेव्हा तो तपासायला सोपा असेल. रोपांचे २२,८००, घरपोच करण्याचे १,२००, सहा खड्डे आणि भरणीची माती २,४००, एकूण २६,४००. त्यातून चार क्वीन पाम मी ठेवून घेते आहे, त्यांचे आपल्याच दराने १,८०० वजा. बाकी २४,६०० रुपये. डीएपीची पिशवी धरलेली नाही. शिंदीची किंमत शून्य धरली आहे. आपल्याला ती जास्त वाटत असल्यास तसं कळवावं.

“सगळी झाडं उपटून कुरियरने परत पाठवा, मग बघू,” असं जानेवारीत सुचवण्यात आलं होतं. मुळं जमिनीत बसलेली पाच फुटी झाडं कुरियरने कशी पाठवतात, हे दाखवायला आपण कुणाला पाठवलंत तर मी चहा ठेवीन. त्या चार झाडांवर वीस महिने मी राबले आहे, ती हलणार नाहीत. पुढच्या खरेदीचं कूपनही नको. ते एकदा ईमेलवर आलं आहे, त्यावर पुन्हा म्यूल पामचाच फोटो होता.

दुसरी मागणी पैशांची नाही. ‘कलमी’ हा शब्द पत्रकातून काढावा, आणि बियांपासून वाढवलेल्या पामसाठी परतीची मुदत जात ओळखता येईल इतकी, म्हणजे किमान दोन वर्षांची ठेवावी.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. फोन नको. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. रोपं ओळखू आली ती गेल्या महिन्यात, पण वादाला जागा नको म्हणून मी खरेदीच्या तारखेपासूनच मोजते आहे. म्हणजे १४ जूनच्या आत. ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि या रकमेला फी लागत नाही. हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरून मी चौकशी केलेली आहे. पावती, पत्रकाचं चौथं पान, पाचही झाडांच्या देठांचे जवळून काढलेले फोटो आणि फोनच्या तारखा सोबत आहेत. मूळ प्रती माझ्याजवळ.

शिंदी घेऊन जायची असल्यास रविवार सोडून कधीही यावं. येणाऱ्या माणसाने जाड हातमोजे आणावेत.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक पावतीवर आहेत)