भुलाबाईची गाणी मोबाइलवर घेताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा जन्म १९२७ साली ब्रिस्टल गावी झाला, असे आपल्या रविवार पुरवणीत वाचले. थोडी दुरुस्ती हवी. चार वर्षे आधी, जून १९२३ मध्ये, रेकॉर्ड कंपनीसाठी गाणी मुद्रित करणारे राल्फ पीर यांनी अटलांटात फिडलिन जॉन कार्सन या गायकाची ग्रामोफोन तबकडी काढली होती. पीरना ते गाणे मुळीच रुचले नव्हते. एका स्थानिक व्यापाऱ्याच्या आग्रहाखातर ५०० प्रती काढल्या, त्या हातोहात खपल्या. पण तेव्हा कर्ण्यात तोंड घालून ओरडावे लागे. ब्रिस्टलला पीर विजेचा मायक्रोफोन घेऊन गेले, खरा फरक तिथे पडला. तिथे गायलेल्या कार्टर कुटुंबातली अठरा वर्षांची मेबेल अंगठ्याने गिटारच्या जाड तारांवर चाल वाजवी आणि बोटाने बारीक तारा छेडून ठेका धरी. कर्ण्यापुढे ते वाजवणे वायाच गेले असते.

हे आत्ता लिहायचे कारण भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गावोगावी गाणी होतील, मोबाइलही निघतील. दरवर्षी निघतातच, पण ऐकण्याजोगे फार थोडे हाती लागते.

ब्रिस्टलमध्ये टोप्यांच्या कंपनीच्या वरच्या मजल्यावर भिंतींना गोधड्या-कांबळी टांगली होती. टिनाच्या घरात आपल्यालाही तेच करावे लागते, नाहीतर आवाज घुमतो आणि शब्द फुटतात. गाणारणींच्या पाठीमागे आणि समोर दोन-दोन गोधड्या दोरीवर टाकाव्या, खाली सतरंजी. पंखा बंद. कापसाची गंजी लागलेल्या खोलीला तर तोडच नाही, पण भुलाबाईत कापूस घरी आलेला नसतो. जात्यावरच्या ओव्या दिवाळीनंतर त्या खोलीत घ्याव्या.

मायक्रोफोन एकच, म्हणून कोण किती लांब बसले यावर सगळा तोल. म्होरक्या बाईपासून मोबाइल दीड फूट, तोंडासमोर नको, जरा खाली आणि बाजूला; म्हणजे ‘भ’ आणि ‘फ’चा फुत्कार बसत नाही. तिची ओळ झेलणाऱ्या बायका चार फुटांवर अर्धगोलात. टिपऱ्या मात्र आठ फूट मागे. टिपरी जवळ कडाडली की मोबाइल आपोआप आवाज दाबतो आणि पुढची अर्धी ओळ बुडते. मग शांतता झाली की तोच आवाज चढवतो आणि गोठ्यातली म्हैस ऐकू येते. हे ‘ऑटो गेन’ बंद करता येईल असे अ‍ॅप घ्या. पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्‌झ. ‘नॉइज रिडक्शन’ बंदच हवे, कारण जात्याची अखंड घरघर त्याला कचरा वाटते. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. फाइल पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा.

आणि गाणे तोडू नका. तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत, म्हणून तिकडची लांब गाणी छाटली गेली. आपल्याला ती अडचण नाही. रीलसाठी मुद्दाम ती ओढवून घेण्यात काय शहाणपण?

आता कागदाचे. पीर एका गाण्याचे ५० डॉलर आणि विक्रीवर थोडा वाटा देत, पण गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क स्वतःकडे ठेवत. त्यांची खरी कमाई ती. मेबेलच्याच कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगरी खेड्यांत हिंडून जुनी गाणी गोळा करी. सोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. शब्द कार्टर उतरवून घेई, चाल रिडल डोक्यात ठेवी. तबकडीवर नाव मात्र कार्टरचे. आपल्याकडे ‘पारंपरिक’ एवढे लिहिले की चाल सांगणारी म्हातारी अशीच गळते. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तिच्याच तोंडून नाव, गाव, माहेरचे गाव आणि गाणे कोणाकडून आले ते बोलवून घ्यावे. माहेर विसरू नका. बरीच गाणी तिकडूनच आलेली असतात. प्रताधिकार कायदा १९५७च्या कलम ३८ प्रमाणे गाणारीचा आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो. तिची लेखी संमती घ्या, मानधनाची रक्कम त्याच कागदावर लिहा आणि एक प्रत तिच्या घरी द्या.

संपादक महोदय, एक गोष्ट आपल्या हातची आहे. ब्रिस्टलच्या स्थानिक वर्तमानपत्राने अर्नेस्ट स्टोनमन या गायकाला तबकड्यांतून आदल्या वर्षी ३,६०० डॉलर मिळाल्याचे छापले, तेव्हा कुठे खेड्यापाड्यांतून गाणाऱ्यांची रीघ लागली. आपण भुलाबाईचे फोटो दरवर्षी छापता, खाली ‘उत्साहात साजरी’ असे असते. यंदा फोटोखाली म्होरक्या बाईचे नाव, गाव आणि तिला काय मानधन मिळाले तो आकडा छापावा.

आपले,
लोकगीतांचे ध्वनिमुद्रण करणारे कार्यकर्ते
ता. दारव्हा, जि. यवतमाळ