सानिकास पत्र : जुन्या संगणकाला कार्ड घेण्यापूर्वी

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला संगणकाचा तपशील नीट वाचला. मामाच्या कार्यालयातून निघालेला हा उभा संगणक, त्यात इंटेलचा आय५-४५७० प्रोसेसर, आठ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, एक टीबीची हार्ड डिस्क, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. तुझ्या मैत्रिणीचा भाऊ त्याचे वापरलेले आरएक्स ५८० हे ग्राफिक्स कार्ड विकतो आहे आणि संगणकावरचे खेळ नीट चालावेत म्हणून ते लगेच घ्यावे का, असा तुझा प्रश्न आहे. लगेच घेऊ नकोस, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे तू घाई न करता वाचशील. कार्ड चांगलेच आहे, पण या संगणकात ते चालेल की नाही हे कार्डावर ठरत नाही.

जुन्या संगणकावर खर्च करताना मी प्रत्येक भागाबद्दल एकच गोष्ट पाहते : हा भाग पुढच्या संगणकात नेता येईल की याच्याबरोबरच अडगळीत जाईल? एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान साठवण), ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर आणि चांगला पॉवर सप्लाय हे पुढे येतात. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि डीडीआर३ रॅम येत नाहीत. तुझा प्रोसेसर २०१३ सालचा, चौथ्या पिढीचा आहे. त्याच्या एलजीए ११५० सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेत, फार तर आय७-४७७० किंवा त्याच्या आसपासचे काही बसेल, आणि तोही चार कोअरचाच, फक्त थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, चारऐवजी आठ. डीडीआर४च्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे नवी रॅम या बोर्डात बसत नाही आणि ही रॅम नव्या बोर्डात बसणार नाही. म्हणून या तीन गोष्टींवर हात राखून खर्च करायचा.

आता मोजण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. आज तुझा संगणक प्रोसेसरमध्येच असलेल्या एचडी ४६०० या ग्राफिक्सवर चालतो आहे, त्यामुळे खेळ अडतो तो ग्राफिक्समुळेच, हे उघड आहे. न कळलेली गोष्ट वेगळी आहे : उद्या उत्तम कार्ड बसवले तरी हा प्रोसेसर तुला कुठपर्यंत जाऊ देईल? ते कार्ड न घेताही बऱ्यापैकी समजते. तू रोज खेळतेस तो खेळ उघड, ग्राफिक्सच्या सगळ्या सेटिंग्ज सर्वांत खाली आण, रिझोल्यूशन १२८० गुणिले ७२० कर, आणि रेंडर स्केलची (चित्र कमी बारकाईने काढण्याची) सोय असेल तर तीही निम्म्यावर आण. मग गर्दीच्या ठिकाणी, जिथे दहाबारा खेळाडू एकाच वेळी पडद्यावर असतात तिथे, एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे (फ्रेम) पडद्यावर येतात याचा, आकडा पाहा. रिझोल्यूशन अजून उतरवल्यावरही तो आकडा वर चढेनासा झाला, तर ती प्रोसेसरची मर्यादा समजावी. समजा तो ७०च्या आसपास थांबला, तर जगातले सर्वांत महाग कार्ड बसवूनही त्या जागी ७०च मिळतील. कार्डामुळे फरक पडेल तो एवढाच, की तेच ७० तुला चांगल्या चित्रासह १९२० गुणिले १०८० वर मिळतील. आकडा उतरत्या रिझोल्यूशनबरोबर चढतच राहिला, तर एचडी ४६००च अजून आडवे येते आहे असे समज आणि एखाद्या हलक्या खेळावर हाच प्रयोग करून पाहा.

हे करताना टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या एकूण टक्क्यांवर विसंबू नकोस. चार कोअरपैकी एकच कोअर पूर्ण भरला आणि बाकीचे रिकामे असले, तर एकूण आकडा २५ टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर निवांत आहे. आलेखावर उजवे क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा आलेख वेगळा काढ. शिवाय सरासरी एफपीएसपेक्षा अधूनमधून बसणारा हिसका अधिक त्रास देतो. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. मध्येच एक फ्रेम १०० मिलिसेकंद घेते, तेव्हा सरासरीला ढिम्म फरक पडत नाही, पण नेमका त्याच क्षणी तुझा नेम चुकतो. चार थ्रेडच्या प्रोसेसरवर अलीकडच्या खेळांमध्ये हेच जास्त घडते, म्हणून एक टक्का नीचांक, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमच्या वेळचा एफपीएस, दाखवणारे साधन वापरून तोही आकडा लिहून ठेव.

दुसरी बाब विजेची, आणि आरएक्स ५८० नको म्हणण्याचे खरे कारण तेच आहे. हे कार्ड साधारण १८५ वॅट घेते. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात आणि उरलेली वीज पॉवर सप्लायमधून येणाऱ्या आठ पिनांच्या वेगळ्या वायरने द्यावी लागते. ती वायर १५० वॅटपर्यंतची असते. कार्यालयीन संगणकांच्या पॉवर सप्लायला अशी वायर बहुधा नसतेच, कारण तिथे ग्राफिक्स कार्ड बसेल असे कोणी धरलेले नसते. संगणक बंद करून, वायर भिंतीपासून काढून, बाजूचे झाकण उघड. पॉवर सप्लायच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यातला मोठ्या अक्षरांतला एकूण वॅटचा आकडा सोड आणि +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. समजा तिथे १८ असेल, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, आणि प्रोसेसर व कार्ड या दोघांची भूक मुख्यतः त्यातूनच भागायची. तुझ्या प्रोसेसरचे ८४ आणि कार्डाचे १८५ मिळवले की २६९ होतात, म्हणजे पंखे आणि डिस्क धरण्याआधीच हिशेब फिसकटला.

यावर बाजारात एक उपाय मिळतो आणि तो तू अजिबात करायचा नाहीस : हार्ड डिस्कला जाणाऱ्या साटा वायरीतून कार्डासाठी आठ पिन काढून देणारा अ‍ॅडॅप्टर. साटाच्या वीजजोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. तिच्याकडून १५० वॅट मागितले की प्लास्टिक वितळते. पॉवर सप्लायच बदलायचा असेल, तर आधी मदरबोर्डला जाणारी मुख्य वायर पाहा. नेहमीच्या बोर्डाला २४ पिना असतात, पण कंपन्यांच्या तयार संगणकांत कधी आठ किंवा सहाच असतात, आणि मग वेगळी जोडवायर लागते. सप्लायचे माप आणि स्क्रूच्या जागाही जुळाव्या लागतात. अंगावर ८० प्लसचा शिक्का असला, तर सप्लाय वीज कमी वाया घालवतो एवढेच कळते. तो टिकाऊ आहे, हे त्यावरून ठरत नाही.

तेव्हा आहे तोच सप्लाय ठेवायचा असेल, तर स्लॉटच्या ७५ वॅटवर भागणारे कार्ड शोधायचे. जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६चे आणि जीटीएक्स १६५० हे २०१९चे, दोन्ही चार जीबीची, या कामाला योग्य आहेत. त्यांतले १६५० मला अधिक पसंत आहे. मात्र त्याच नावाची काही मॉडेल्स सहा पिनांची वायर मागतात, म्हणून नावावर न जाता कार्डाची वरची कड पाहा. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेते, म्हणून ते मोहात पाडेल. पण त्याला स्लॉटच्या सोळापैकी चारच लेन (माहिती जाण्याच्या वाटा) वापरता येतात आणि तुझ्या बोर्डाचा स्लॉट फार तर पीसीआय एक्सप्रेस ३ या जुन्या पिढीचा असल्यामुळे तिथे त्याचा वेग घटतो. शिवाय त्यात पडद्यावरचे चित्रण करताना लागणारा व्हिडिओ एन्कोडर नाही, आणि तुला तर सामने रेकॉर्ड करायचे असतात. इंटेलच्या आर्क कार्डांना रिझायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागते, ती इतक्या जुन्या बोर्डात नसते, म्हणून तो विषय सोडून दे.

वापरलेले कार्ड घेताना ते खोक्यात बघून घेऊ नये, चालताना बघावे. विकणाऱ्याच्या संगणकावर निदान अर्धा तास खेळ चालव, तापमान आणि पंख्याचा आवाज पाहा, पडद्यावर ठिपके किंवा रेघा येतात का ते बघ. जीपीयू-झेड हे मोफत साधन उघडून कार्डाचे खरे नाव तपास, कारण जुन्या कार्डाचे बायोस (त्यातली मूळ आज्ञावली) बदलून ते १०५० टीआय म्हणून विकण्याचा उद्योग फार चालला होता आणि अशी बरीच नकली कार्डे हे साधन ओळखते. नावातल्या खाचाखोचाही असतात : जीटीएक्स १०६०च्या तीन आणि सहा जीबीच्या कार्डांत फक्त मेमरीचा फरक आहे असे वाटते, प्रत्यक्षात पहिल्यात ११५२ आणि दुसऱ्यात १२८० कोअर आहेत. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डाच्या सॉकेटमध्ये घाल. हसू नकोस; ती बोर्डालाच ठेवून कार्ड चालत नाही म्हणून तक्रार करणारे मी कार्यालयात कितीतरी पाहिले आहेत.

या सगळ्याच्या आधी एसएसडी घे, त्याबद्दल मला शंका नाही. हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि विखुरलेल्या लहान फाइलींच्या बाबतीत तर तुलनाच नाही. एफपीएस त्याने वाढणार नाही, परंतु नकाशा उघडायला लागणारा वेळ आणि चालता चालता डिस्कमुळे बसणारे झटके कमी होतील. अडीच इंची साटाच घे. तीच या बोर्डाला चालेल आणि पुढच्याही.

रॅमच्या बाबतीत मात्र मी माझाच नियम थोडा मोडते. पट्टी एकच असल्यामुळे मेमरी एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर, चालते आहे : डीडीआर३-१६०० असेल तर सेकंदाला १२.८ जीबी. जोडीला तशीच दुसरी आठ जीबीची पट्टी योग्य खाचेत बसवली की २५.६. एचडी ४६०० ही स्वतःची मेमरी नसलेली ग्राफिक्स असल्यामुळे कार्ड येईपर्यंत तुला फरक लगेच जाणवेल, आणि कार्ड आल्यावरही सोळा जीबी उपयोगी पडतील. वापरलेली पट्टी घे, पण सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम घेऊ नकोस. ती स्वस्त असते आणि तुझ्या बोर्डात चालत नाही. आय७-४७७० साठी मात्र वेगळे पैसे घालू नकोस. कोणी फुकट दिला तर घ्यावा.

राहिली ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागते. युक्त्या करून ते चढवता येते, पण काही ऑनलाइन खेळांची फसवणूकविरोधी यंत्रणा टीपीएम आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) तपासते. उदाहरणार्थ, व्हॅलोरंट विंडोज ११वर त्यांच्याशिवाय चालत नाही. लिनक्सवर प्रोटॉन या विंडोजचे खेळ चालवणाऱ्या साधनाच्या मदतीने पुष्कळ खेळ चालतात, परंतु हेच ऑनलाइन खेळ तिथेही अडतात. तुझ्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा काही नव्या खेळांना लागणारा आज्ञासंच आहे, एवढी जमेची बाजू. त्याच्या आधीच्या पिढीत ते नाही आणि म्हणून काही नवे खेळ तिथे सुरूच होत नाहीत.

तुला खेळायचे खेळ या मर्यादेत बसत नसतील, तर हा संगणक अभ्यासाला राहू दे आणि पैसे साठव. बाबांचे मत आत्ताच नवा घ्यावा असे आहे. मला आधी तुझे आकडे पाहायचे आहेत. पुढे घ्यायचाच झाला, तर एएमडीच्या एएम४ सॉकेटचा वापरलेला बोर्ड मला शहाणपणाचा वाटतो. हे सॉकेट २०१६चे, पण २०२२चा रायझन ७ ५८००एक्स३डी सुद्धा बायोस अद्ययावत केल्यावर अनेक जुन्या एएम४ बोर्डांत चालतो, म्हणजे आज सहा कोअरचा रायझन ५ ३६०० घेऊन पुढे चढायला जागा राहते. इंटेलच्या एलजीए ११५१ बाबत सावध राहा : सहाव्या-सातव्या पिढीचे बोर्ड आणि आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर यांचे सॉकेट दिसायला एकच, तरी ते एकमेकांना चालत नाहीत.

आता तू एवढे कर. पॉवर सप्लायवरच्या तक्त्याचा आणि बोर्डाला जाणाऱ्या मुख्य वायरीचा स्पष्ट फोटो पाठव, डब्यात कार्डासाठी किती लांबीची जागा आहे ते पट्टीने मोजून लिही, आणि तीन खेळांचे सर्वांत खालच्या सेटिंगवरचे आकडे कळव, सरासरी आणि एक टक्का नीचांक दोन्ही. एसएसडी आणि रॅमची पट्टी यांसाठी माझ्या उत्तराची वाट पाहायची गरज नाही. आरएक्स ५८० साठी मात्र तोपर्यंत त्या मुलाला शब्द देऊ नकोस.

तुझी,
आई